माळशिरसच्या पुढे

वारीबरोबर माळशिरसला पोचलीस ना गं? आणि आता म्हणतेस, जमणार नाही! दिवे घाट चढून आलेली बाई सपाटीवर येऊन रडते, म्हणून मला हसू आलं, रागावू नकोस. खरं सांगू का, बहुतेकींचं असंच होतं. घाटात अंगात वारं असतं, आपल्या सोलापूर जिल्ह्यात शिरलं की पाय बोलायला लागतात.

आधी ते पायच बघ. फोड सोलायचा नाही. साबणाने धू, कोरडा कर, स्वच्छ पट्टी बांध. लाल होऊन ठणकायला लागला तर वाटेवरच्या आरोग्य पथकाला दाखव, लाजू नकोस. उद्या खुडूसला रिंगण, मग वेळापूरच्या अलीकडे धावा. तिथून तुकोबांना कळस दिसला आणि ते धावत सुटले असं सांगतात, म्हणून सगळे पळतात. तू कडेने चाल. विठोबा काही घड्याळ लावून बसलेला नाही.

पाळी आली तर? दिंडीतली एखादी मावशी गाठ. पॅड आणि आडोसा दोन्ही शोधून देईल. त्यासाठी चालणं सोडायचं नाही.

भंडीशेगावनंतर वाखरी. तिथे सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, फोन लागत नाही आणि चुकामूक हमखास होते. आपली दिंडी रथापुढची की मागची, कितवी, हे कागदावर लिहून कमरेच्या पिशवीत ठेव.

आता तुझी खरी धास्ती. एवढं चालून पायांवर डोकं टेकता आलं नाही तर वारी फुकट, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं गं? एकादशीला रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, रात्र रात्र उभं राहावं लागतं. पिढ्यानपिढ्या येणारे कितीतरी वारकरी चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन एवढ्यावर तृप्त होऊन परततात. सुजलेल्या पायांनी तू रांगेत उभी राहणार नाहीस, सांगून ठेवते. पुढे एखाद्या साध्या दिवशी आपण दोघी जाऊ. सोलापूरहून पंढरपूर ते केवढं लांब? आणि धरणाचं पाणी सोडलेलं असलं तर नदीत उतरू नकोस, काठावर तांब्याने अंघोळ कर. पुण्य कमी पडत नाही.

पालख्या पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत थांबतात. तुझी रजा तेवढी नाही, ठाऊक आहे मला. पण एकादशीच्या रात्रीच एसटीला लोंबकळू नकोस. उपाशी पोट आणि ती गर्दी, चक्कर येईल. द्वादशीला पारणं सोड, मग निघ.

घरी आल्यावर दोन दिवस स्वयंपाकाला हात लावायचा नाही. तुझ्या सासूबाईंशी मी बोलते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्याकडून येईल. आणि बघ, भिजलेली सोलापुरी चादर तशीच गाठोड्यात कोंबू नकोस. मी कोंबली होती. मोहोळ येईपर्यंत शेजारची बाई नाकाला पदर लावून बसली होती.