गर्भपिशवी काढण्यापूर्वी

प्रश्न : माझ्या वहिनींचे वय ३९. पाळीत फार रक्तस्राव होतो. सोनोग्राफीत गर्भपिशवीत ‘पॉलिप’ निघाला. पिशवीच काढा, असा सल्ला मिळाला. दुसरा इलाज आहे काय?
– एक वाचक, धारवाड

उत्तर : आहे, आणि तो अजमावल्याखेरीज संमतिपत्रावर सही करण्याची घाई वहिनींनी करू नये. हिस्टेरोस्कोपीत, पोटावर कोठेही छेद न घेता, तीन-चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण योनिमार्गाने गर्भाशयात जाते, निर्जंतुक क्षारजलाने आतील पोकळी फुगवली जाते, आणि सोनोग्राफीत जी केवळ छाया होती ती गाठ आपल्या देठासह पडद्यावर प्रत्यक्ष दिसू लागते. तो देठ तेथेच कापून हा मांसांकुर (पॉलिप) तपासणीसाठी प्रयोगशाळेत रवाना करता येतो, आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी परतते. १८६९ साली पॅन्टालिओनी या डॉक्टरने रक्तस्रावाने पीडित वृद्धेच्या गर्भाशयात असाच मांसांकुर दुर्बिणीतून पाहिला होता, तेव्हा ही विद्या काही नवखी नव्हे.

दर महिन्याची पाळी संपल्यानंतरचे लगेचचे दिवस हिस्टेरोस्कोपीस उत्तम. गर्भ राहिला असल्यास वा जंतुसंसर्ग असल्यास मात्र ही तपासणी वर्ज्य.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अनावश्यक गर्भाशयच्छेदनाच्या तक्रारींची चौकशी २०१९ साली शासनास करावी लागली, ही वेदना अद्याप ताजी आहे. पेशींच्या तपासणीत कर्करोग निघाल्यास शस्त्रक्रिया अर्थातच टाळू नये. परंतु तो अहवाल हाती येण्यापूर्वी, हुबळीच्या ‘किम्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या शासकीय रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात सर्व कागद दाखवून दुसरे मत अवश्य घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.