अमेरिकन शब्दांचीं कुळें आणि मुळें

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. शब्दांस हा निषेध लागू नाहीं. त्यांचें मूळ जितकें खणावें तितकी मौज अधिक. अमेरिकेंतील बोलीचे शब्द, टोपणनांवें आणि खाद्यपदार्थांचीं नांवें यांचा मागोवा घेतांना आम्हांस एक गोष्ट वारंवार आढळली. ज्या शब्दाविषयीं फार सुरेख कथा सांगतात, त्याचा खरा उगम बहुधा निराळाच असतो. कथा पारखण्याची कसोटीही साधी आहे : तो शब्द छापील कागदावर अथवा कोणाच्या रोजनिशींत प्रथम कोणत्या तारखेस दिसतो, तें पाहावें.

‘ओ. के.’ हाच शब्द घ्या. शाळेच्या पटांगणापासून मुंबईच्या बाजारापर्यंत तो दिवसांतून शंभरदां कानीं पडतो. त्याचा जनक कोण? कोणी म्हणतात, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं चोक्टॉ लोकांच्या भाषेंतून तो आला. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचीही समजूत अशीच होती. दुसरी कथा अशी कीं, अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांस शुद्ध लिहितां येत नसे, म्हणून त्यांच्या लेखणींतून हीं अक्षरें उतरलीं. ही तर विरोधकांनीं १८४० सालीं उठविलेली कंडी होय. खरा इतिहास कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक ॲलन वॉकर रीड यांनीं जुन्या वर्तमानपत्रांचे ढीग चाळून १९६३-६४ सालीं उजेडांत आणला. १८३९ च्या सुमारास बोस्टनच्या पत्रकर्त्यांस शब्दांऐवजीं आद्याक्षरें लिहिण्याचें वेड लागलें होतें. आणि तीं मुद्दाम अशुद्ध लिहिणें हा मोठा विनोद समजला जाई. ‘ऑल करेक्ट’ म्हणजे सर्व ठीक. याचीं शुद्ध आद्याक्षरें ‘ए. सी.’ व्हावयाचीं, परंतु अडाण्याच्या थाटानें तींच ‘ओ. के.’ अशीं लिहिलीं. तारीख २३ मार्च १८३९, पत्र ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’. ‘ऑल राइट’बद्दल ‘ओ. डब्ल्यू.’ असेंही लिहीत, पण तें केव्हांच मेलें. मग हें एकच कसें जगलें? पुढच्याच वर्षीं अध्यक्षाची निवडणूक आली. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्यूरेन हे किंडरहुक गांवचे, म्हणून त्यांस ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणत. अक्षरें तींच! अनुयायांनीं ‘ओ. के. क्लब’ काढला, विरोधकांनीं त्याच अक्षरांची टर उडविली, आणि या गदारोळांत तीं घरोघर पोंचलीं. व्हॅन ब्यूरेन निवडणुकींत पडले, ही गोष्ट आतां कोणाच्या स्मरणांतही नाहीं.

‘अंकल सॅम’ म्हणजे सॅमकाका, हें अमेरिकन सरकारचें टोपणनांव. त्याची कथा न्यूयॉर्क संस्थानांतील ट्रॉय गांवीं घडते. सॅम्युएल विल्सन नांवाचे एक मांसविक्रेते १८१२ च्या युद्धांत सैन्यास मांस पुरवीत. पिंपांवर ‘यू. एस्.’ अशीं संयुक्त संस्थानांचीं अक्षरें असत. लोक थट्टेनें म्हणूं लागले कीं, हीं तर अंकल सॅमचीं! विल्सन हे खरोखरीच होऊन गेले, आणि १९६१ सालीं अमेरिकन काँग्रेसनें ठराव करून त्यांस हा मान दिला. अडचण तारखेची आहे. आयझॅक मेयो नांवाच्या तरुण नाविकाच्या रोजनिशींत ‘अंकल सॅम’ हे शब्द १८१० सालींच आले आहेत, म्हणजे युद्धापूर्वीं दोन वर्षें. ठरावानें आधीची तारीख पुसतां येत नाहीं.

खाद्यपदार्थांच्या नांवांत असाच गोंधळ आहे. ‘हॅम्बर्गर’ या शब्दांत ‘हॅम’ म्हणजे डुकराचें मांस मुळींच नाहीं. तो जर्मनीच्या हँबुर्ग शहरावरून आला. पण लोकांनीं तो चुकीच्या जागीं तोडला, आणि त्या तुकड्यांतून ‘बर्गर’ हा नवा शब्द निघाला. आपल्याकडे बटाट्याचाही बर्गर मिळतो, तो या चुकीच्या कृपेनें. ‘हॉट डॉग’विषयीं सांगतात कीं, टॅड डॉर्गन या व्यंगचित्रकारास एका जर्मन कुत्र्याच्या जातीचें नांव नीट लिहितां येईना, म्हणून त्यानें सरळ ‘डॉग’ लिहिलें. तें चित्र आजवर कोणासही सांपडलेलें नाहीं. उलट १८९५ सालीं येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांत हा शब्द छापलेला आहे. सॉसेजमध्यें कुत्र्याचें मांस भरीत असावेत, ही तेव्हांची जुनी थट्टा.

‘कुकी’ आणि ‘बॉस’ हे शब्द डच वसाहतवाल्यांचे. लुइझियानांतील ‘गंबो’ या कालवणाचें नांव मात्र आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आलें. बांटू कुळांतील भाषांत त्याचा अर्थ आहे भेंडी! ज्यांस गांव, घर, नांव यांपैकीं कांहीं बरोबर नेतां आलें नाहीं, त्यांच्या भाजीचें नांव तेवढें टिकलें.

‘बिग ॲपल’ म्हणजे मोठें सफरचंद, हें न्यूयॉर्क शहराचें नांवही अशाच लोकांच्या तोंडचें आहे. त्याविषयीं कांहीं असभ्य कथा प्रचलित आहेत. त्या खोट्या असल्यामुळें येथें देण्याचें कारण नाहीं. घोड्यांच्या शर्यतींवर लिहिणारे वार्ताहर जॉन फिट्झ जेराल्ड यांनीं १९२१ सालीं हें नांव प्रथम छापलें. आणि १९२४ सालीं त्यांनीं प्रामाणिकपणें लिहिलें कीं, हें नांव आपलें नव्हे. न्यू ऑर्लिन्स येथें दोन काळे मोतद्दार घोडे फिरवीत बोलत होते. एकानें दुसऱ्यास कोठें जाणार म्हणून विचारलें, तेव्हां उत्तरांत ‘बिग ॲपल’ आलें. तबेल्यांत राबणाऱ्या त्या मुलखांतल्या माणसांस न्यूयॉर्कच्या शर्यती म्हणजे सर्वांत मोठें व गोड फळ. पुढें १९७० नंतर शहराच्या जाहिरातींनीं हें नांव जगभर नेलें. फिट्झ जेराल्ड ज्या कोपऱ्यावर राहत, त्यास १९९७ सालीं ‘बिग ॲपल कॉर्नर’ असें नांव देण्यांत आलें. त्या दोघां मोतद्दारांचीं नांवें मात्र त्यांच्या लेखांत नाहींत.