पावसाआधी खोडाला तांबे

मृग लागण्याआधी वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातून फेरी मारली, तर अनेक बागांत झाडांची खोडं जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत निळसर रंगलेली दिसतात. हाच निळा रंग डाळिंबाच्या छाटलेल्या फांद्यांवर चढतो आणि कोकण-गोव्यात सुपारीच्या घोसांवरही. मोरचूद आणि चुना यांचं हे बोर्डो मिश्रण. मे महिन्याचा शेवट ते पहिला जोरदार पाऊस, एवढाच अवधी त्याचा पहिला हात द्यायला मिळतो.

मोरचुदाचं मोल त्यातल्या तांब्यात आहे. एक किलो मोरचुदात साधारण २५० ग्रॅम तांबं असतं, जवळपास ३६० ग्रॅम पाणी आणि उरलेला भाग गंधक व प्राणवायूचा. पिकाला तांबं अन्न म्हणूनही लागतं, पण अगदी कणभर. मात्रा वाढली की तेच विष ठरतं आणि सूक्ष्म जिवांना ते सर्वांत आधी बाधतं. तांब्याचे सुटे कण त्यांच्या प्रथिनांना चिकटून पेशीचं कामकाज बंद पाडतात.

संत्र्याचा डिंक्या आणि सुपारीचा कोळेरोग, दोन्हींच्या मुळाशी फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जीव आहे. त्याच्या बीजाणूंना शेपटी असते आणि ते ओल्या सालीवरच्या, फळावरच्या पाण्याच्या थरातून पोहत पुढे सरकतात. तिथे आधीच तांबं असेल तर ते रुजत नाहीत. एकदा आत शिरले, की वरून दिलेलं तांबं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून हा लेप पावसाआधीच द्यायचा.

या गुणाचा शोध लागला तो फ्रान्समध्ये. बोर्डो परिसरातल्या मेडॉक भागात रस्त्याकडेची द्राक्षं वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून बागाईतदार वेलींवर मोरचूद-चुन्याचं पाणी मारत. १८८२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं की बाकी बाग केवड्याने, म्हणजे आपल्याकडच्या ‘डाउनी’ने झडली असताना या वेलींची पानं शाबूत आहेत. १८८५ मध्ये त्यांनी मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. पुढे १९१०च्या सुमारास म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी ते सुपारीच्या कोळेरोगावर वापरून दाखवलं.

आता कृती. फवारणीसाठी एक टक्क्याचं मिश्रण करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. खोडाच्या पेस्टसाठी मोरचूद-चुना तेवढाच, पाणी फक्त १० लिटर. मोरचूद फडक्यात बांधून आदल्या रात्री पाण्याच्या वरच्या थरात लोंबकळत ठेवावा. विरघळलेलं जड पाणी खाली बसतं, वर ताजं पाणी येत राहतं आणि सकाळपर्यंत खडा उरत नाही. चुना दुसऱ्या भांड्यात थोडं थोडं पाणी घालून विरवावा. तो उकळल्यासारखा तापतो आणि उडतो, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे हवेत. थंड झाल्यावर गाळून घ्यावा. मग दोघांनी दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतावीत आणि काठीने ढवळत राहावं. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत. लोखंडी ड्रम, जस्ताची बादली चालणार नाही.

का चालत नाही, ते तपासणीतच दिसतं. घासून चकचकीत केलेला विळा किंवा खिळा मिश्रणात मिनिटभर बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस थर चढला, तर तांबं अजून मोकळं आहे. लोखंड जास्त क्रियाशील असल्याने ते स्वतः पाण्यात उतरतं आणि तांब्याला बाहेर काढतं. लोखंडी ड्रममध्येही हेच होतं. फवाऱ्यात जायचं तांबं ड्रमलाच चिकटून बसतं. थर दिसला तर चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पुन्हा तपासावं. पातं स्वच्छ निघेपर्यंत मिश्रण झाडावर जाऊ देऊ नये, कारण मोकळं तांबं कोवळी पानं करपवतं. तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं तेही आंबटाने तांबं मोकळं केल्यामुळेच. चुना इथे ती आम्लता मारतो. उघडं राहिलेलं चुन्याचं जुनं पोतं मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खडूसारखं निकामी झालेलं असतं. तो चुना घेतला तर विळा हमखास तांबडा होतो.

मिश्रण त्याच दिवशी संपवावं. शिळं झालं की कण जाड होतात आणि पानाला धरत नाहीत. दुसरं कीटकनाशक त्यात मिसळू नये. फवारणीनंतर थर वाळायला काही तास कोरडी हवा मिळायला हवी.

संत्र्याला पेस्ट लावण्याआधी डिंक आलेली साल खरवडून काढावी, बुंध्याशी चढवलेली माती दूर करावी. दुसरा हात पावसाळा सरल्यावर द्यावा. सुपारीला पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी उघडीप पाहून. डाळिंबात तेल्याचा उपद्रव असेल, तर छाटणीनंतर विश्रांतीच्या काळात एक टक्का बोर्डो मारतात.

आता दुसरी बाजू. तांबं हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, उडून जात नाही. एकरी ५०० लिटर एक टक्का बोर्डो मारलं, तर सव्वा किलो तांबं बागेत उतरतं, म्हणजे हेक्टरी तीन किलोंच्या वर. युरोपीय संघाने सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली आहे, वर्षाला सरासरी चार किलो. या हिशेबाने सालातली दुसरी फवारणीच ही सरासरी ओलांडते. त्यामुळे गरज असेल तेवढंच मारावं, प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी आणि माती परीक्षणात तांब्याचा आकडाही मागून घ्यावा. पंप धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नये. माशांना ते घातक असतं.

खतासाठी बागेत मेंढरं बसवणाऱ्यांनी जास्त सांभाळावं. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं, गाई-म्हशींपेक्षा तिला ते फार लवकर बाधतं. बोर्डो मारलेल्या झाडाखालचं गवत तिने चरलं, तर कळप दगावू शकतो. मेंढरं बसवायचीच असतील तर ती फवारणीच्या आधी बसवून घ्यावीत, आणि नंतर कळप घेऊन येणाऱ्या मेंढपाळाला बाग फवारल्याचं आधीच सांगावं.