दातात काय भरावे?

शंका : माझ्या खालच्या दोन दाढांत वीस वर्षांपूर्वी चांदी भरली आहे. त्यात पारा असतो आणि तो अंगात भिनतो, असे मोबाइलवर वाचले. तेव्हापासून घास चावायचीही भीती वाटते. सगळी चांदी काढून टाकू का? – सौ. र. क., सातारा

समाधान : दाढेतली ही ‘चांदी’ म्हणजे अमाल्गम (चांदी, कथील व तांब्याची पूड पाऱ्यात कालवून केलेले मिश्रण). त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो, हे खरे. पण मिश्रण घट्ट झाले की तो इतर धातूंशी बांधला जातो. चावताना त्याची अगदी थोडी वाफ सुटते. तेवढ्याने सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसाला अपाय होतो, असे आढळलेले नाही. उलट, पक्की बसलेली चांदी उकरून काढताना जास्त पारा सुटतो आणि दाढेचा धड भागही कापला जातो. म्हणून ती राहू द्या. कडेला कीड लागली, तडा गेला किंवा दाढ दुखू लागली, तरच बदलायची.

युरोपीय संघाने २०२५पासून अपवाद वगळता अमाल्गम बंद केले, ते मुख्यतः पारा पाण्या-मातीत जाऊ नये म्हणून. नव्याने दात भरताना मात्र गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुले आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते टाळावे.

शंका : सहा वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या दाढेत डॉक्टरांनी पांढरे सिमेंट भरले. वर्षाच्या आत ते निघाले. हलका माल वापरून आम्हांला फसवले का? नाहीतरी पडणारीच दाढ, तर आता राहू द्यावे का? – एक आई, लातूर

समाधान : एवढ्यावरून फसवले असे म्हणता येत नाही. ते बहुधा ग्लास आयनोमर (काचेची पूड व आम्लद्रव यांचे सिमेंट) असावे. ते दाताला स्वतःहून चिकटते, थोडी ओल सोसते आणि फ्लोराइड सोडत राहते. लहान मुलाला फार वेळ तोंड उघडे धरवत नाही, लाळही थांबत नाही. म्हणून ते निवडतात. त्याची उणीव अशी, की ते लवकर झिजते. कीड दोन दाढांच्या फटीत असेल, तर तुटतेही.

पण दाढ तशीच सोडू नका. दुधाच्या दाढा साधारण दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात आणि पक्क्या दातांची जागा राखतात. खड्डा मोठा असेल, तर पुन्हा भरण्याऐवजी स्टीलची कॅप अधिक टिकाऊ ठरते. त्याविषयी डॉक्टरांना विचारा.

शंका : आठ दिवसांपूर्वी दाढेत दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरले. गार पाणी लागले की सणकन कळ येते, चावले की दुखते. दिसायला बरे म्हणून मीच ते मागितले होते. चांदीच बरी होती का? आता रूट कॅनाल करावे लागेल का? – अ. म., पुणे

समाधान : आपली निवड चुकली असे नाही. कॉम्पोझिट (राळेत काचेचे सूक्ष्म कण मिसळलेला लगदा) पातळ थरांत भरून प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करतात. ते दाताला चिकटते, म्हणून दात कमी कोरावा लागतो. अट एकच : जागा कोरडी हवी. हिरडीखाली गेलेल्या, लाळ न थांबणाऱ्या खड्ड्यात ते नीट धरत नाही. म्हणून किंमत किंवा रंग यांआधी खड्डा कुठे आहे, किती खोल आहे आणि कोरडा राहील का, हे पाहावे.

भरल्यावर काही दिवस गार लागणे नेहमीचे आहे. चावताना दुखते, याचे साधे कारण म्हणजे भरलेला भाग किंचित उंच राहणे. डॉक्टर तो काही मिनिटांत घासून बेताचा करतात. यासाठी याच आठवड्यात जा. कळ मिनिटभर रेंगाळत असेल, गरम लागत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर आतील नस दुखावलेली असू शकते. तेव्हा रूट कॅनाल (नस काढून मुळातील पोकळी भरणे) लागेल की नाही, हे तपासणी व एक्स-रेनंतरच ठरते. गाल सुजला, ताप आला तर त्याच दिवशी दंतवैद्य गाठा. गिळताना वा श्वास घेताना त्रास झाला, तर थेट रुग्णालयात जा.