डायना एडलजी यांची गोलंदाजी

क्रिकेटच्या खेळांत आंकड्यांस मोठा मान आहे. परंतु आंकडे वाचण्याचीहि एक रीत असते, हें डायना एडलजी यांची कारकीर्द अभ्यासतांना आमच्या ध्यानीं आलें. २० कसोटी सामन्यांत ६३ बळी आणि ३४ एकदिवसीय सामन्यांत ४६ बळी, एवढीच त्यांची जमेची बाजू. बिशनसिंग बेदी हेहि त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकी गोलंदाज. ते १९६६ ते १९७९ या तेरा वर्षांत ६७ कसोटी सामने खेळले. डायनाबाईंची कसोटी-कारकीर्द १९७६ ते १९९१ अशी पंधरा वर्षांची, आणि वांट्यास आले अवघे वीस सामने!

प्रथम त्यांच्या कलेविषयीं. डाव्या हातानें, धीम्या गतीनें सोडलेला चेंडू बोटांच्या पिळामुळें गरगरत येतो. उजव्या हातानें खेळणाऱ्यापुढें टप्पा पडतांच तो बाहेरच्या अंगास वळतो, आणि बॅटीची कड घेऊन स्लिपमधील खेळाडूच्या हातीं जातो. फलंदाज पुढें सरसावला व हुकला, तर यष्टिरक्षक यष्ट्या उडवितो. असे चार चेंडू बाहेर वळले म्हणजे पांचवाहि वळेल असें फलंदाज गृहीत धरतो. परंतु गोलंदाज तो मुद्दाम न पिळतां सरळ आंत सोडतो, आणि फलंदाज पायचीत होतो. ही फसवणूक हातांत बसण्यास वर्षें लागतात. त्यास नुसता सराव पुरत नाहीं; परक्या फलंदाजांविरुद्ध सामने लागतात. आणि नेमके तेच डायनाबाईंस मिळाले नाहींत.

त्यांचा जन्म २६ जानेवारी १९५६ रोजीं मुंबईंत, पारशी कुटुंबांत झाला. बधवार पार्कच्या रेल्वे-वसाहतींत मुलांबरोबर टेनिसच्या चेंडूनें खेळतां खेळतां त्यांस क्रिकेटचा नाद लागला. बास्केटबॉल व टेबलटेनिस यांतहि त्यांची गति चांगली होती. पुढें लाला अमरनाथ यांच्या शिबिरांत खेळास वळण लागलें. १९७६ सालीं वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हां भारतीय महिला प्रथमच कसोटी सामने खेळल्या, व शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखालीं पाटण्यास पहिला विजयहि मिळाला. १९७७ च्या जानेवारींत न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथें एकेक सामना झाला. त्यानंतर १९८४ पर्यंत एकहि कसोटी नाहीं! वयाच्या एकविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंतचा, गोलंदाजाच्या ऐन उमेदीचा काळ असा गेला. सात वर्षें वाट पाहून पुन्हां तोच टप्पा, तोच पीळ साधणें किती अवघड असेल, हें ज्यानें एक पावसाळा खेळ सोडून नंतर हातीं चेंडू घेतला आहे त्यासच कळेल.

मध्यंतरीं १९७८ चा विश्वचषक भारतांतच झाला. डायनाबाई कर्णधार होत्या, आणि तिन्ही सामने आपण हरलों. हेंहि सांगितलेंच पाहिजे. त्या काळीं केवळ खेळून पोट भरेल अशी महिलांची स्थिति नव्हती. डायनाबाई पश्चिम रेल्वेच्या नोकरींत होत्या. महिला खेळाडूंस रेल्वेंत नोकऱ्या मिळाव्या म्हणून त्यांनीं जे परिश्रम केले, ते आम्हांस त्यांच्या बळींहून कमी मोलाचे वाटत नाहींत.

१९८६ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांस लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्यें प्रवेश नाकारला गेला. त्यावर त्यांनीं त्या क्लबाचें नांवच बदलावें अशी बोचरी थट्टा केली. स्त्रियांस सभासद करून घेण्याचा ठराव तेथें १९९८ मध्यें संमत झाला.

१९९१ सालीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्या शेवटची कसोटी खेळल्या. १९९३ च्या विश्वचषकांत त्यांनीं पुन्हां संघाचें नेतृत्व केलें. अर्जुन पुरस्कार १९८३ मध्यें, तर पद्मश्री २००२ मध्यें मिळाली. २०२३ च्या नोव्हेंबरांत आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनें आपल्या सन्मानितांच्या मालिकेंत त्यांचें नांव घातलें. भारतीय स्त्रीचें तें त्या यादींतील पहिलेंच नांव. आणि त्यांच्या शेवटच्या सामन्यास तोंवर तीस वर्षें लोटलीं होतीं.