तण, मेंढी आणि मोरचूद

वरूड तालुका संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी काळ्या जमिनीत ओळीने लावलेल्या नागपुरी संत्र्याच्या बागा येथील विद्यार्थ्यांच्या रोजच्या पाहण्यात असतात. पावसाळ्यात या बागांत गुडघाभर तण माजते. ते निंदायचे तर मजूर हवेत, वखरायचे तर बैलजोडी किंवा ट्रॅक्टर हवा, नाहीतर तणनाशक फवारावे लागते. त्याऐवजी बागेत मेंढ्या चारल्या तर? पीक निघाल्यावर मोकळ्या शेतात मेंढ्या बसवून खत मिळवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पण मोकळे शेत वेगळे आणि उभी बाग वेगळी. बागेत कळप सोडल्याने काय साधते आणि काय बिघडू शकते, ते आपण पाहू.

तणाला जागा कोठून मिळते?

संत्र्याची झाडे बहुधा ६ मीटर × ६ मीटर अंतरावर लावतात. म्हणजे प्रत्येक झाडाच्या वाट्याला ३६ चौरस मीटर जमीन येते. झाडाच्या घेराचा व्यास ४ मीटर धरला, तर त्याखाली सुमारे १२.६ चौरस मीटर जमीन झाकली जाते. उरलेली जवळजवळ दोन तृतीयांश जमीन उन्हाला उघडी राहते. ऊन, पाणी आणि खत जेथे एकत्र मिळते तेथे काही ना काही उगवणारच. ही जागा सतत उघडी ठेवली तर वळवाच्या सरीने माती वाहून जाते. म्हणून तण समूळ नाहीसे करणे हा हेतू नसावा. ते आखूड आणि मिश्र राहावे, एवढेच पुरे.

चरणे म्हणजे निवडणे

सर्व जनावरे सारखी चरत नाहीत. गाय जिभेने गवताला विळखा घालून ते ओढते, त्यामुळे आखूड गवत तिला नीट घेता येत नाही. मेंढी ओठांनी आणि खालच्या दातांनी जमिनीलगतचे गवत कुरतडते. शेळी मान वर करून, प्रसंगी मागच्या पायांवर उभी राहून पाला आणि कोवळी साल खाते. म्हणून शेळी संत्र्याच्या बागेत नको.

वनस्पतींचेही तसेच आहे. हराळीचे वाढते कोंब जमिनीलगत असतात, म्हणून ती खाल्ली तरी पुन्हा फुटते. माठासारख्या उभ्या वाढणाऱ्या रोपाचा शेंडाच तोंडात जातो आणि त्याची वाढ खुंटते. गाजरगवत मात्र कडू व विषारी असल्याने जनावरे टाळतात. १९५५ साली पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे परदेशी तण आज देशभर पसरले आहे. मेंढ्यांनी आजूबाजूचे गवत खाल्ले की गाजरगवताला रान मोकळेच मिळते! तेव्हा ते फुलण्यापूर्वी हातमोजे घालून उपटलेच पाहिजे. तरोट्यालाही जनावरे सहसा तोंड लावत नाहीत.

बेताची चराई झाली तर एकाच उंच तणाची सावली सर्वांवर पडत नाही. जमिनीपर्यंत उजेड पोहोचतो आणि लहान फुलझाडांना संधी मिळते. फुलांवर मधमाश्या येतात. मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना आसरा मिळतो. मेंढीने चाऱ्यातून घेतलेल्या नत्रापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक नत्र लेंड्या व मूत्रावाटे जमिनीला परत मिळते. मलेशियातील तेलमाडाच्या मळ्यांत गाई चारल्याने तणनाशक कमी लागते आणि पक्ष्यांच्या जातीही अधिक आढळतात, असे तेथील अभ्यासांत दिसले आहे.

खुराचा दाब

आता थोडे पदार्थविज्ञान. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. मेंढीचे वजन ३० किलोग्रॅम आणि एका खुराचे क्षेत्रफळ १५ चौरस सेंटिमीटर धरू. चार खुरांवर उभी असता दाब होतो ३० ÷ ६०, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम. चालताना दोनच पाय टेकले असतील तर तो दुप्पट होतो. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ मिळून ३०० चौरस सेंटिमीटर धरले, तर त्याचा दाब येतो फक्त ०.२ किलोग्रॅम! कोरडी काळी जमीन मेंढीचा दाब सहज सोसते. ओली जमीन मात्र दबते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात आणि पाणी साचते. साचलेल्या पाण्यात डिंक्या रोगाची बुरशी फोफावते. म्हणून पाऊस उघडून वाफसा आल्याशिवाय कळप आत घेऊ नये.

सर्वांत मोठा धोका

डिंक्या टाळण्यासाठी खोडाला बोर्डो मलम लावतात व बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद व १ किलो चुना असतो. मोरचुदाच्या वजनात सुमारे एक चतुर्थांश तांबे असते. म्हणजे १ लिटर मिश्रणात सुमारे अडीच ग्रॅम तांबे झाले. मेंढीला एक किलो कोरड्या चाऱ्यामागे ५ ते १० मिलिग्रॅम तांबे पुरते. हे प्रमाण दीर्घकाळ २५ च्या वर राहिले तर विषबाधेचा धोका असतो. एक लिटर मिश्रण शंभर किलो कोरड्या चाऱ्यावर पसरले, तर नेमके तेवढे प्रमाण होते!

इतर जनावरांच्या मानाने मेंढीला तांबे फार बाधते. ती जादा तांबे झटपट बाहेर टाकू शकत नाही. ते यकृतात साठत जाते आणि काही आठवड्यांनी एकदम रक्तात उतरते. रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते आणि मेंढी दगावते. तोवर कळप दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि कारण कोणाच्या ध्यानातही येत नाही. बोर्डो फवारलेल्या बागेतले तण म्हणून मेंढ्यांना देऊ नये. खोडाला मलम असेल तर कळप आत आणूच नये. बागवानाने फवारणीची तारीख लिहून ठेवावी आणि मेंढपाळाला आधी सांगावी. मेंढपाळाचे सारे भांडवल त्या कळपातच असते.

करून पहा

१. मेंढीच्या खुराचा ठसा भुसभुशीत राखेवर घ्या. तो आलेखकागदावर उतरवून चौकोन मोजा आणि दाब काढा. गाईच्या खुराशी तुलना करा.

२. सुतळीने एक मीटर बाजूचा चौरस आखा. चरलेल्या आणि न चरलेल्या जमिनीवर प्रत्येकी पाच ठिकाणी तो ठेवून वनस्पतींच्या जाती मोजा. कोठे अधिक भरल्या? त्यांपैकी जनावरांनी न खाल्लेल्या किती?

३. चराईसाठी तण बी धरण्यापूर्वीची वेळ का निवडावी? कठीण कवचाचे बी जनावराच्या पोटातून न पचता बाहेर पडते, हे लक्षात घेऊन उत्तर लिहा.