पुण्यास आलेला चितारी

नागपूरच्या महालात चितार ओळ आहे. गणपती आणायला आपल्याकडचे पुष्कळ लोक तेथे जातात. चितारी म्हणजे चित्रे काढणारा. पण देवाची मूर्ती करणे वेगळे आणि जिवंत माणसाचा चेहरा काढणे वेगळे. देवाला कोणी पाहिलेले नाही. त्याचे नाक थोडे मोठे झाले तरी कोणी तक्रार करीत नाही. माणसाचे चित्र चुकले तर त्याची बायको लगेच म्हणते, “हे काही आमचे घरधनी नव्हेत!”

आज फोटो निघतो. पूर्वी तशी सोय नव्हती. फोटोची विद्या जगापुढे आली १८३९ साली. त्याआधी माणूस गेला की त्याचा चेहराही गेला. मग सवाई माधवराव पेशवे कसे दिसत होते हे आपल्याला कसे कळले? एका परदेशी चिताऱ्यामुळे कळले. त्याचे नाव जेम्स वेल्स.

वेल्स हा स्कॉटलंडचा. हा मुलूख इंग्लंडच्या उत्तरेस आहे. समुद्रकाठच्या पीटरहेड गावी १७४७ साली त्याचा जन्म झाला. पुढे तो लंडनला गेला आणि लोकांचे चेहरे रंगवून पोट भरू लागला. पण लंडनमध्ये चिताऱ्यांची काही कमी नव्हती. हिंदुस्थानात राजे आहेत, नवाब आहेत, कंपनीचे साहेब आहेत, ते चित्रांना चांगला पैसा देतात, असे त्या काळी तिकडे बोलत. वेल्स निघाला. त्या वेळी सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून जहाज यायचे, आणि वाटेत महिनेच्या महिने जायचे. १७९१ साली तो मुंबईस उतरला. वय चव्वेचाळीस. एवढ्या वयात नवा मुलूख, नवी भाषा! आपण तर त्या वयात नवे बियाणे पेरायलाही कचरतो.

पुण्यात तेव्हा कंपनीचा वकील होता. त्याचे नाव चार्ल्स मॅलेट. मुळा आणि मुठा या नद्यांच्या संगमावर त्याचा बंगला होता. मॅलेटच्या ओळखीने वेल्सला पेशव्यांच्या दरबाराची वाट मिळाली. १७९२ साली त्याने सवाई माधवरावांचे मोठे चित्र रंगविले. पेशवे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. चित्रात ते बसलेले आहेत. अंगावर मोत्यांच्या माळा आहेत. जवळ नाना फडणवीस आहेत आणि सेवक उभे आहेत. सत्ता कोणाची आणि अक्कल कोणाची, हे त्या चित्राकडे पाहून कळते. निदान मला तरी तसे वाटते.

आता हे चित्र नवे कशात होते ते पाहू. आपल्याकडे चित्रे नव्हती असे मुळीच नाही. पण आपले चितारी बहुधा कागदावर, डिंकाच्या पाण्यात खललेल्या रंगांनी लहान चित्रे काढीत. चेहरा बहुतेक बाजूने दाखवीत. एक डोळा, एक कान, नाकाची रेघ. वेल्सचे काम तैलचित्राचे. तैल म्हणजे तेलाचे. त्यात रंग जवसाच्या तेलात खलतात. होय, तेच जवस जे आपल्या विदर्भात पिकते आणि ज्याची आपण चटणी करतो. जवसाचे तेल हळूहळू सुकते. त्यामुळे चिताऱ्याला घाई नसते. ओल्या रंगात रंग मिसळता येतो. गालावर उजेड कोठे पडला, हनुवटीखाली सावली कोठे आली, हे बारकाईने दाखवता येते. ते ताणलेल्या कापडावर रंगवितात. चेहरा जवळजवळ हाताला लागेल असा दिसतो.

पण त्यासाठी ज्याचे चित्र काढायचे त्याने समोर बसावे लागते. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. परक्या माणसाने आपल्याकडे तासन्‌तास टक लावून पाहावे, हे मोठ्या माणसांना सोसणे सोपे नाही. तरी पेशवे बसले, नाना बसले. महादजी शिंद्यांचेही चित्र वेल्सने काढले. महादजी १७९४ साली वानवडीस वारले.

याच सुमारास शनिवारवाड्यात एक चित्रशाळा निघाली. मॅलेटची तशी इच्छा होती आणि पेशव्यांना चित्रांची आवड होती. तिथला एक हुशार चितारी म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. पेशव्यांनी जनावरे पाळली होती. त्यांतल्या गेंड्याचे चित्र गंगारामाने काढले. वेरूळच्या लेण्यांत बसून त्याने तिथल्या कोरीव कामाची चित्रे केली. तो वेल्सच्या हाताखाली काम करू लागला. एकाने दुसऱ्याला तिकडची रीत दाखविली. पण वेरूळचे दगड, तिथले देव आणि त्यांची नावे साहेबाला कोण समजावून सांगणार? ते या मुलखातल्या माणसालाच जमणार.

१७९५ हे वर्ष वाईट उगवले असे म्हणता येणार नाही. मार्चमध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाला हरविले. आपले नागपूरचे दुसरे रघुजी भोसलेही त्या लढाईत होते. पण ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. वय एकवीस. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबरात, वेल्स मुंबईजवळच्या साष्टी बेटावर वारला. कान्हेरीच्या लेण्यांची चित्रे काढताना त्याला ताप आला होता. ज्याचा चेहरा काढला तो गेला आणि ज्याने काढला तोही गेला.

वेल्सचे कच्चे रेखाटन पुष्कळ उरले होते. मॅलेटने त्याच्या मुलीशी, सुझॅनाशी, १७९९ साली लग्न केले. ती चित्रे थॉमस डॅनियल नावाच्या दुसऱ्या चिताऱ्याकडे गेली. वेरूळच्या चोवीस चित्रांचे पुस्तक १८०३ साली लंडनला निघाले. त्यावर नावे वेल्सची आणि डॅनियलची. कष्ट गंगारामाचेही होते. हे मला बरोबर वाटत नाही.

१८०५ साली डॅनियलने एक मोठे दरबारचित्र पुरे केले. टिपूविरुद्ध कंपनी आणि पेशवे यांचा १७९० साली तह झाला, त्याचे ते चित्र. गंमत अशी की, त्या तहाच्या वेळी पुण्यात ना वेल्स होता, ना डॅनियल. वेल्सने एकेका माणसाचा चेहरा मागाहून टिपून ठेवला होता, त्यावरून सारा दरबार पुन्हा भरवला. चित्रात कंपनी पेशव्यांची दोस्त दिसते. त्याच कंपनीने १८१८ साली पेशवाई बुडविली. दरबारचित्र पाहताना हे लक्षात ठेवावे. चेहरे खरे असतात, पण चित्र कोणी करवून घेतले तेही विचारावे लागते.

पुण्यातली चित्रशाळा फार काळ टिकली नाही. शनिवारवाडा १८२८ साली आगीत जळाला. पेशव्यांचे आणि नानांचे ते चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. वेल्सची रोजनिशी अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवली आहे. गंगारामाच्या हातची चित्रेही तेथेच आहेत, आणि आता ती त्याच्या नावाने ओळखली जातात.